मोबाईलमुळे खरंच डिप्रेशन येतं का? 2004 च्या फेसबुकने दिलेलं उत्तर

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हा त्याचा लिखित मजकूर, बोलल्यासारखाच ठेवलाय.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक डायलॉग ठरलेला असतो. "दिवसभर त्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसतोस, म्हणून असं होतं!" मार्क कमी पडले, झोप लागत नाही, चिडचिड होते, सगळ्याला कारण एकच. आणि आपलं उत्तरही ठरलेलं: "आई, सगळं मोबाईलवर कशाला ढकलतेस?" दोघांपैकी बरोबर कोण? आज जरा पुराव्यानिशी बघूया.

आधी यातली अडचण समजून घेऊ. समजा एखाद्या सर्व्हेत दिसलं, की सोशल मीडिया जास्त वापरणारी मुलं जास्त उदास आहेत. मग सोशल मीडियामुळेच ती उदास झाली, असं म्हणता येईल का? नाही ना. कदाचित उलटं असेल, आधीच एकटं वाटणारा मुलगा मोबाईलकडे वळला असेल. किंवा घरातली भांडणं, परीक्षेचं टेन्शन असं तिसरंच कारण दोन्हींच्या मागे असेल. 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांचा डेटा तपासला. मुलांना बरं-वाईट वाटण्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर 0.4 टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. म्हणजे आपण जिंकलो? थांबा. त्यात टीव्ही, गेम, इंटरनेट सगळं आलं होतं. सगळ्यांची सरासरी काढली की कोणाला नेमकं काय लागलं, ते दिसतच नाही.

मग कारण शोधायचं कसं? इथे माझ्या कामातली एक गोष्ट उपयोगी पडते. आम्ही ॲपमध्ये नवीन फीचर आणतो तेव्हा ते एकदम सगळ्यांना देत नाही. आधी थोड्या युजर्सना देतो. ज्यांना मिळालं आणि ज्यांना अजून मिळालं नाही, त्यांची तुलना करतो. फरक दिसला तर तो फीचरचा. याला स्टेज्ड रोलआउट म्हणतात.

गंमत म्हणजे फेसबुक स्वतःच असं आलं! फेब्रुवारी 2004 मध्ये ते फक्त हार्वर्डसाठी सुरू झालं. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल, आणि मग एकेक करत अमेरिकेतली शेकडो कॉलेजं. त्याच काळात तिथल्या विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा एक मोठा सर्व्हेही नियमित होत होता. ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या आणि 2022 मध्ये निष्कर्ष छापले. फेसबुक आलेल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य बिघडलं होतं, विशेषतः डिप्रेशनची लक्षणं वाढली होती. किती? नोकरी गेल्यावर माणसाच्या मनावर जेवढा परिणाम होतो, त्याच्या साधारण 22 टक्के. प्रचंड नाही, पण किरकोळही नाही.

आता खरी गोष्ट ऐका. त्या फेसबुकवर होतं काय? रील्स नव्हते. लाइक बटण 2009 मध्ये आलं. न्यूज फीड सप्टेंबर 2006 मध्ये आली. पहिला आयफोन 2007 चा. म्हणजे कॉलेजची मुलं कॉम्प्युटरसमोर बसून एकमेकांची प्रोफाइल बघत होती, एवढंच. अंतहीन स्क्रोलिंग नाही, खिशात वाजणारं नोटिफिकेशन नाही. तरीही त्रास झाला!

का? संशोधकांच्या मते मुख्य कारण तुलना. कॅम्पसबाहेर राहणारी किंवा पैशाने कमी असलेली, म्हणजे तुलनेत स्वतःला कमी समजू शकतील अशी मुलं, त्यांच्यावर परिणाम जास्त दिसला. फेसबुकमुळे मुलांचे दुसऱ्यांच्या आयुष्याबद्दलचे समजही बदलले. बाकीचे किती दारू पितात, याचे अंदाज बदलले.

हे आपल्याला नवीन आहे का? तिसऱ्यांदा एमपीएससी देणारी मुलगी पुण्यातल्या कॉट बेसिसवरच्या रूममध्ये बसून बॅचमेटच्या लग्नाचे फोटो बघते. प्लेसमेंट न झालेला मुलगा लिंक्डइनवर दर दोन मिनिटांनी "आनंद होतोय सांगायला" वाचतो. पोस्ट टाकणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. पण त्याला आलेले वीस नकार कोणी पोस्ट करत नाही. तेव्हा तुलना निदान आपल्याच कॉलेजपुरती होती. आता अल्गोरिदम अख्ख्या जगातून शोधून आणतो, तेही आपण ज्यावर थांबतो तेच.

म्हणून "किती तास?" हा प्रश्न अर्धाच आहे. दोन तास मित्राशी व्हिडिओ कॉल आणि दोन तास इतरांची पॅकेजेस बघणं, स्क्रीन टाइममध्ये दोन्ही सारखंच दिसतं. मनाला सारखं नसतं.

मग करायचं काय?

एक, आठवडाभर प्रत्येक ॲप बंद केल्यावर कसं वाटतंय ते फक्त बघा. जे अकाउंट बघून दरवेळी पोटात गोळा येतो, ते म्यूट करा. इन्स्टावर म्यूट केलेलं समोरच्याला कळत नाही, त्यामुळे नातं बिघडायची भीती नाही.

दोन, सुट्टी घेऊन बघा. 2018 मध्ये अमेरिकेत काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं होतं. त्यांचा रोजचा साधारण एक तास वाचला आणि त्यांना थोडं बरं वाटलं. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. फायदा-तोटा दोन्ही आहे.

तीन, एकट्याने करू नका. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. यातली हुशारी म्हणजे सगळेच बंद करतात, त्यामुळे "माझंच काहीतरी राहून जातंय" असं वाटत नाही. रूममेट्स मिळून जेवताना तरी एवढं करू शकतातच.

आणि महत्त्वाचं. दोन आठवडे झाले, मन लागत नाही, झोप उडालीय, जगणं नकोसं वाटतंय, तर तो ॲप डिलीट करून सुटणारा प्रश्न नाही. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर 14416 ला फोन करा. फुकट आहे, चोवीस तास सुरू असते, मराठीत बोलता येतं.

तर आई बरोबर की आपण? आई अर्धी बरोबर. पुढच्या वेळी ती ओरडली, तर वाद घालण्याऐवजी मोबाईलवर नेमकं काय बघून वाईट वाटलं, ते तिला सांगून बघा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!