अंजदीव: कारवारसमोरचा गोवा

कारवारच्या किनाऱ्यासमोर असूनही अंजदीव बेट गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडते. ही पोर्तुगीज राजवटीची देणगी! 1505 मध्ये पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला. पुढे मुंबईचा ताबा मिळण्याची वाट पाहत इंग्रजांची तुकडी इथेच अडकली. रोगराईने तिची दाणादाण उडाली आणि सेनानी अब्राहम शिपमनही 1664 मध्ये इथेच गेला.

नोव्हेंबर 1961 मध्ये, पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या या बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. काही दिवसांतच अशाच गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला.

गोवा मुक्तीसाठीच्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये 18 डिसेंबरच्या सकाळी भारतीय नौदलाच्या ‘त्रिशूल’ या युद्धनौकेवरून नौसैनिक बेटावर उतरले. पाठीशी ‘म्हैसूर’ क्रूझरच्या तोफा होत्या. भारतीय बाजूच्या नोंदींनुसार आधी पोर्तुगीजांचे पांढरे निशाण दिसले आणि मग त्यांच्या मशीनगन धडधडल्या. सात भारतीय नौसैनिक कामी आले. त्याच दुपारी मुरगाव बंदरात ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय युद्धनौकांनी पोर्तुगीज युद्धनौका ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ निकामी केली. ‘ऑपरेशन विजय’ची चर्चा बहुधा भूदलाभोवतीच फिरते, हे खटकते.

19 तारखेला अंजदीव भारताच्या ताब्यात आले. आज ते कारवारच्या नौदल तळाचा भाग असून बांधाने किनाऱ्याला जोडलेले आहे.