गौरीला वेळ मिळतो!

मैत्रिणींनो, २०१५ साली आलेला सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ पाहिलात ना? स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वेची जोडी. २०१० च्या पहिल्या भागात दोघांची नावंसुद्धा कळत नाहीत. इथं मात्र गौतम-गौरीच्या लग्नाची तयारीच निघते. खरेदी, पाहुणे, गडबड... अगदी आपल्या घरातल्यासारखं!

मला आवडलं ते गौरीचं घाबरणं. लग्न ठरल्यावर तिच्या मनात येतं, आपली घाई तर होत नाही ना? आणि सिनेमा तिला विचार करायला वेळ देतो.

आमच्या बीडकडं किती पोरींना असा वेळ मिळतो हो? सुपारी फुटली की पोरीनं तोंड उघडायचं नाही. ऊसतोडीच्या गावांत तर दिवाळीच्या सुमारास आई-बाप कारखान्याला निघणार, वयात आलेली पोर कुणाजवळ ठेवायची? म्हणून कितीतरी जण १८ वर्षांच्या आतच अक्षता टाकून मोकळे होतात. शिवाय कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झालं की तीही फडात.

गौरी शिकलेली, शहरातली, हे कबूल. तरी टीव्हीवर हा सिनेमा लागला की आमच्या गल्लीतल्या बायका हसता हसता मधेच गप्प होतात. शेजारच्या वहिनी एकदा हळूच म्हणाल्या, “तिला इचारलं तरी, बाई.”