ठिपका का थांबतो?

तासगावची द्राक्षे नेणाऱ्या गाड्यांना मी जीपीएस यंत्रे बसवतो. मोबाइलवर गाडीचा ठिपका थांबला, की मालक आधी चालकावर रागावतात. नाशवंत माल असल्याने त्यांची काळजी समजते. पण पुष्कळदा गाडी धावतच असते.

इथे दोन वेगळे दुवे आहेत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह फक्त संकेत पाठवतात. त्यावरून यंत्र आपली जागा काढते आणि सिमकार्डाच्या इंटरनेटवरून सर्व्हरला कळवते.

म्हणून प्रथम शेवटच्या संपर्काची वेळ पाहावी. ती ताजी असूनही जागा जुनीच दिसत असेल, तर यंत्रावर पत्र्याचा आडोसा आला आहे का ते तपासावे. संपर्कच तुटला असेल, तर आधी बॅटरीची वायर पाहावी, मग सिमचा रिचार्ज. जुन्या २जी यंत्रात जिओचे सिम चालत नाही, कारण जिओची २जी सेवाच नाही. त्यानंतर एपीएन, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक पाहावा. शेवटी यंत्राचा १५ अंकी आयएमईआय सर्व्हरवर बरोबर नोंदला आहे ना, याची खात्री करावी.

घाटात रेंज गेली, तर अनेक यंत्रे नोंदी साठवून ठेवतात आणि रेंज येताच पाठवतात. तेवढा वेळ चालकाला दोष न देता थांबावे.