दोषीचा बचाव, निर्दोषावर खटला

धाराशिवच्या सत्र न्यायालयात वकील आरोपीचा असो वा सरकारचा, बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम दोघांनाही लागू असतात. आरोपी दोषी आहे असे मनातून वाटले तरी वकिलाने त्याचा बचाव करायचा असतो, कारण दोष ठरवणे हे न्यायाधीशाचे काम आहे. अशिलाने खाजगीत कबुली दिली तरी ती बाहेर फोडता येत नाही, आणि त्याच्यासाठी खोटा साक्षीदारही उभा करता येत नाही. पुराव्यातल्या उणिवा मात्र दाखवता येतात.

सरकारी वकिलाचे बंधन अधिक कडक आहे, आणि ते तसेच असायला हवे. निर्दोषाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये, आरोपीला सोडवू शकेल असा पुरावा दडवू नये, असे नियम बजावतो. नाशिकजवळच्या २००३ मधील दरोडा-हत्याकांडात याच्या उलट घडले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपास झालाच नाही. खटला चालला तो भटक्या जमातीतल्या सहा जणांवर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली किंवा नव्याने सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि जबाबदार पोलिसांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर सुमारे १६ वर्षे तुरुंगात गेली होती.