दाराला कान लावून

‘‘काका, जरा जोरात खोकून दाखवा.’’

युरोडायनॅमिक्सच्या खोलीत पेशंटला आधी हे सांगतात आणि तो बुचकळ्यात पडतो. तपासायची लघवीची पिशवी, मग खोकल्याचं काय काम? त्याला मध्ये भोक असलेल्या खुर्चीत बसवलेलं असतं. एक बारीक नळी मूत्रमार्गातून पिशवीत, दुसरी गुदद्वारातून आत आणि गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना ईसीजीला लावतात तशा इलेक्ट्रोडच्या चकत्या. काका खोकतात. पडद्यावरच्या दोन रेघा एकदम उसळतात, तिसरी जवळजवळ सपाट राहते. तपासणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. नळ्या बरोबर बसल्या आहेत.

तिसरी रेघ ही साधी वजाबाकी असते. पिशवीतल्या एकूण दाबातून दुसऱ्या नळीने मोजलेला पोटाचा दाब वजा केला, की उरतो तो पिशवीच्या भिंतीतल्या स्नायूचा, म्हणजे डेट्रूसरचा जोर. खोकताना पोट जोर लावतं, डेट्रूसर लावत नाही, म्हणून ती सपाट. पण पडद्याच्या तळाशी आणखी एक रेघ सतत थरथरत असते. ती ईएमजीची, म्हणजे स्नायूंतल्या विजेची. बघणाऱ्याला वाटतं, हीच पिशवीतली वीज. प्रत्यक्षात ती पिशवीच्या दाराशी बसलेल्या स्नायूंची असते. खुद्द पिशवीची वीज या तपासणीत कुणी मोजतच नाही.

हे जरा नवलाचं आहे. वॉल्टर अल्व्हारेझ यांनी १९२२ साली पोटाच्या कातडीवरून जठराच्या लहरी टिपल्या. १९२४ मध्ये विलेम आइन्टहोव्हेन यांना ईसीजीसाठी नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. शंभर वर्षं उलटली, ईसीजी गल्लीतल्या दवाखान्यात निघू लागला, पण मूत्राशयाचा तसा कागद कुठल्याच दवाखान्यात मिळत नाही.

कारण दोन्ही स्नायूंची घडणच वेगळी. हृदय म्हणजे ढोलपथक. त्याच्या पेशी एकमेकींना विजेने घट्ट जोडलेल्या असतात, एकीला मिळालेला इशारा क्षणात सगळ्यांत पसरतो आणि सगळे ढोल एकाच ठोक्यावर वाजतात. तो ठोका छातीच्या कातडीपर्यंत पोचतो, तेव्हा सुमारे एक मिलिव्होल्टचा असतो. मूत्राशय म्हणजे जेवणाची पंगत बसलेलं मंगल कार्यालय. स्नायूंचा जो तो जुडगा आपल्या शेजाऱ्याशी बोलतोय, बाहेर ऐकू येते ती नुसती गुणगुण. पेशींमधली जोडणी विरळ असल्याने एका कोपऱ्यातली ठिणगी फार लांब जात नाही. लघवी करायची वेळ आली, की नसा घरोघरी अक्षत द्यावी तशा जुडग्या-जुडग्याला जाऊन निरोप देतात. तेव्हा कुठे सगळी पिशवी एकदम आवळते.

त्यात ही पिशवी एका मापाची राहत नाही. रिकामी असताना चुरगळलेली, चार-पाचशे मिलिलिटर भरली की ताणून पातळ. शेजारी आतडी, वर पोटाचे स्नायू, शिवाय हृदयाचे ठोके सगळीकडे ऐकू येतातच. इलेक्ट्रोड थेट भिंतीला लावला, तरी भिंत आकसताना तो स्वतःच हलतो आणि त्या हलण्याचीच लहर कागदावर उमटते. विजेचा आलेख काढला म्हणावं, तर तो निघतो धक्क्याचा. १९७६ साली एका ब्रिटिश युरॉलॉजी नियतकालिकात क्रॅग्ज आणि स्टीफनसन यांचा शोधनिबंध आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, ‘मूत्राशयाचा खरा ईएमजी’. तो ‘खरा’ शब्द वापरावा लागला, यातच सगळं आलं.

पण संशोधकाची ही डोकेदुखी आपल्या पथ्यावर पडलेली आहे. मूत्राशय हृदयासारखं एका ठिणगीवर आवळणारं असतं, तर एसटीच्या प्रवासात दोन तास दम धरणं कुणाला जमलं असतं? पिशवी भरत जाते, आतला दाब मात्र फारसा वाढत नाही; याचं एक कारण म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यातली चुळबुळ एकत्र होत नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिसन ब्रेडिंग यांनी १९९७ मध्ये याचीच उलट बाजू मांडली. भिंतीतल्या नसा कमी झाल्या, स्नायू अधिक चेतनशील झाला आणि ठिणगी पेशीतून पेशीत सहज पसरू लागली, तर पिशवी अवेळी आवळेल. अचानक घाईची लागते आणि बाथरूम गाठेपर्यंत धीर निघत नाही, त्यामागचं हे एक स्पष्टीकरण. म्हणजे मंगल कार्यालयाचं ढोलपथक झालं, की दुखणं सुरू.

पिशवी बोलत नाही, तर दाराला कान लावावा. हे दार म्हणजे मूत्रमार्ग आवळून धरणारा बाहेरचा स्फिंक्टर. तो हातापायांसारखा आपल्या इच्छेने चालणारा स्नायू; त्याची वीज सुईच्या इलेक्ट्रोडने स्वच्छ पकडता येते. लंडनमध्ये क्लेअर फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास लघवी तुंबलेल्या तरुण मुलींची अशी तपासणी केली. लिटरभर साठूनही या मुलींना घाई जाणवत नसे, आणि करायला बसल्या तर होत नसे. इतर तपासण्यांत काही सापडेना, म्हणून ‘मनाचे खेळ आहेत’ असं सांगून त्यांची बोळवण व्हायची. ईएमजी यंत्राच्या स्पीकरमधून मात्र समुद्रात देवमासे गातात तसा, उतरत जाणारा सूर आला. सैल पडायच्या वेळी दाराचा स्नायू वाजतच होता. पुढे कण्याच्या तळाशी, तिसऱ्या त्रिक नसेजवळ तार बसवून मंद विद्युत स्पंदनं दिली, तेव्हा अशा अनेकींना पुन्हा स्वतःहून लघवी करता येऊ लागली.

आपल्या खोलीत काकांची पिशवी एव्हाना भरली आहे. ‘‘आता करा,’’ असं सांगितलंय, पण परक्या माणसांसमोर कुणाला लगेच होते? कुणीतरी कोपऱ्यातला नळ थोडा सोडतं. तळाची रेघ अजून थरथरतेय. मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटमध्ये ती या क्षणी उलट चवताळू शकते. पिशवी ढकलतेय आणि दार घट्ट, अशा दाबाने पुढे मूत्रपिंडंही खराब होतात. म्हणून सगळ्यांची नजर त्या एका रेघेवर.

ती हळूहळू शांत होते. मग खुर्चीखालच्या भांड्यात धार वाजते.