विष जोखणारा उजेड

तणनाशकाच्या डब्यावर मूळ रसायनाचं नाव आणि टक्केवारी ठळक छापलेली असते. द्रावण पानावर पसरावं, चिकटावं म्हणून त्यात आणखी काय काय घातलंय, याबद्दल लेबल सहसा गप्प असतं. २००३ साली हाँगकाँगमधल्या संशोधकांनी ग्लायफोसेट आणि त्याच्या बाजारातल्या मिश्रणात मिसळला जाणारा पीओईए हा पसरवणारा पदार्थ, दोन्ही वेगवेगळे तपासले. समुद्री जिवाणूंना जास्त बाधला तो पीओईए. ग्लायफोसेटचा फवारणीत वापरला जाणारा क्षार त्यामानाने कितीतरी सौम्य निघाला.

हे जिवाणू म्हणजे ॲलिव्हिब्रिओ फिशेरी. हवाई बेटांजवळच्या एका चिमुकल्या माखलीच्या पोटाशी ते राहतात आणि निळसर-हिरवा उजेड देतात. चांदण्या रात्री माखलीची सावली खाली पडू नये, एवढीच त्या उजेडाची मूळ कामगिरी! हा उजेड ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने तयार होतो. त्याला लागणारा कच्चा माल पेशीच्या रोजच्या चयापचयातून आणि श्वसनातून येतो. विषाने ती यंत्रणा अडखळली की प्रकाश लगेच मंदावतो, जिवाणू मरेपर्यंत थांबावं लागत नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यावरून ‘मायक्रोटॉक्स’ चाचणी उभी राहिली. पुढे तिला आयएसओ ११३४८ हे मानक मिळालं. गोठवून वाळवलेले जिवाणू पाणी घालून जागे करायचे, दोन टक्के मिठाच्या पाण्यात आणि १५ अंश सेल्सिअसला ठेवायचे, नमुना मिसळायचा आणि ५, १५, ३० मिनिटांनी उजेड मोजायचा. उजेड निम्म्यावर आणणारी मात्रा जितकी कमी, तितकं विष जहाल. माशांवरच्या नेहमीच्या चाचणीला ९६ तास लागतात. नमुना गढूळ किंवा रंगीत असेल, तर तोच प्रकाश शोषतो आणि विष नसतानाही आकडा घसरतो. ती वजावट आधी करावी लागते.

या चाचणीचं मला सर्वांत पटतं ते हे, की ती रसायनांची नावं विचारत नाही. पाण्यात पाच औषधं एकत्र असोत की त्यांचे विघटित तुकडे, सगळ्यांचा एकत्रित परिणाम दिसतो. मात्र कोण दोषी, हे ती सांगत नाही.

आणि उजेड टिकला म्हणजे पाणी निर्धोक, असं मुळीच नाही. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं मज्जासंस्थेतल्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला जखडतात. जिवाणूंना मज्जासंस्थाच नसते, म्हणून माणसाला घातक ठरणाऱ्या मात्रेतही ते बिनदिक्कत चमकत राहू शकतात. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि मजूर दगावले; तिथे वापरल्या गेलेल्या औषधांत याच गटातलीही होती. असा संशय असेल तेव्हा प्रयोगशाळा जिवाणूंच्या जोडीला डॅफ्निया हे पाणपिसू लावतात. त्यांना नसा असतात, पण निकालाला ४८ तास थांबावं लागतं.