हुगळीखालून सरकणारा ठिपका

भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात एस्प्लनेड ते भवानीपूर धावली. मार्ग ३.४ किलोमीटर, स्थानके पाच. तेव्हाच्या नकाशाला एक रेघ पुरली असती. आता मार्ग वाढले आहेत, आणि १५ मार्च २०२४ पासून हावडा व महाकरण या स्थानकांच्या मधे गाडी चक्क हुगळी नदीच्या खालून जाते. वडिलांची बदली कोलकात्याला झाल्यामुळे सुट्टीत मी या गाडीने पुष्कळ फिरलो. तिचा ठिपका आपोआप सरकेल असा नकाशा जावा भाषेत कसा करतात, ते इथे सांगतो.

नकाशा फोटो म्हणून ठेवला तर मोठा करताच धूसर होतो. म्हणून तो एसव्हीजी प्रकारात काढायचा. ही आपली ठिपक्यांची रांगोळीच समजा. आजी फक्त 'पंधरा ते आठ ठिपके' सांगते. मग रांगोळी उंबऱ्यापुढे वीतभर काढा नाहीतर अंगणभर, आकृती तीच. एसव्हीजी फाइलमध्येही अशाच सूचना असतात: इथून तिथे रेघ, या जागी वर्तुळ, रंग हिरवा.

जावामध्ये ही फाइल उघडायला अपाचीचे बॅटिक हे मोफत साधन आहे. ते सगळ्या सूचना वंशावळीसारख्या मांडून संगणकाच्या स्मृतीत ठेवते. गाडीच्या वर्तुळाला आपण नाव दिलेले असते. त्या नावाने वर्तुळ शोधायचे आणि त्याच्या मध्यबिंदूचा आकडा बदलायचा. नदीखालचा बोगदा सुमारे ५२० मीटर, तो पार करायला साधारण ४५ सेकंद. नकाशावर नदी ९० एकक रुंद काढली, तर दर सेकंदाला ठिपका २ एककांनी पुढे. बाकी नकाशाला हात लावायचा नाही. बॅटिक बदललेला भागच पुन्हा रंगवते.

इथपर्यंत सोपे आहे. पण फाइलमध्ये हालचालीची काहीच खूण नसेल, तर बॅटिक तिला स्थिर चित्र समजते. मग स्मृतीतला आकडा बदलतो, पडदा मात्र ढिम्म, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही! म्हणून फाइल उघडण्याआधीच 'हे चित्र नेहमी बदलते' अशी सेटिंग करावी लागते.

दुसरी गोष्ट शिस्तीची. घड्याळ मोजणारा कार्यक्रमाचा भाग वेगळा चालतो आणि चित्र रंगवणारा वेगळा. दोघांनी एकाच वेळी नकाशाला हात घातला तर अर्धे जुने, अर्धे नवे चित्र दिसू शकते. त्यामुळे घड्याळाने स्वतः ठिपका हलवायचा नाही. बॅटिकच्या अपडेट मॅनेजरकडे एक रांग असते, तिथे 'ठिपका इतका सरकव' अशी चिठ्ठी टाकायची. रांगेतल्या चिठ्ठ्या एकामागून एक, एकाच हाताने अमलात येतात.

माझ्या मते खरा प्रश्न यापुढचा आहे. हा ठिपका वेळेच्या हिशोबाने चालतो. गाडी बोगद्यात थांबली तरी तो ऐटीत महाकरणला पोहोचेल, आणि बघणाऱ्याला खरेच वाटेल. १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या नियंत्रण कक्षात हीच अडचण होती. तिथल्या घड्याळावर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे त्रिकोण रंगवलेले असत. विमानांची खबर ज्या रंगाच्या वेळेत आली, त्याच रंगाची खूण टेबलावरच्या नकाशावर ठेवत. रंग पाहूनच खबर किती जुनी ते अधिकाऱ्याला कळे.

जावामध्ये हे करणे अवघड नाही. हावड्याहून गाडी सुटल्याची नोंद आली की ठिपका हिरवा. त्यानंतर महाकरणची नोंद यायला मिनिटभर उशीर झाला तर पिवळा, पाच मिनिटे झाली तर करडा, आणि त्याचे सरकणेही बंद. वर्तुळाचा रंग हाही एक आकडाच, म्हणून ती चिठ्ठीसुद्धा त्याच रांगेत जाते.